घटस्फोटाचा अर्ज लिहिण्याआधी: तुमचं लग्न नेमकं कोणत्या कायद्याचं?

घटस्फोटाची चौकशी करायला आलेला माणूस आधी भांडण सांगतो. सासू काय बोलली, दागिने कुठं गेले, पोरं कुणाकडं आहेत. ते सगळं लागतंच, पण नंतर. आधी कळायला हवं ते वेगळं: लग्न कुठं लागलं, कोणत्या पद्धतीनं लागलं आणि त्या दिवशी दोघांचा धर्म काय होता. यावर कायदा ठरतो, कायद्यावर कारणं ठरतात आणि कारणांवर पुरावा. हा क्रम उलटा झाला की प्रकरण दोन-तीन वर्षं चालतं आणि शेवटी ‘अर्ज या कायद्याखाली चालूच शकत नाही’ या एका हरकतीवर अडकतं.

सोलापुरात हा प्रश्न नुसता पुस्तकातला नाही. पूर्वभागातलं पद्मशाली कुटुंब, बाळीवेशीतलं लिंगायत, विजापूर वेशीतलं मुस्लिम, जैन व्यापारी, बौद्ध, मिशनच्या काळापासूनचं ख्रिस्ती, सगळे एकाच कौटुंबिक न्यायालयाच्या बाकावर शेजारी बसतात. समुपदेशक तेच, न्यायाधीश तेच, पण प्रत्येकाच्या फायलीतला कायदा निराळा. तुमची देवावर श्रद्धा किती, हे कोर्ट विचारत नाही. लग्न कोणत्या कायद्याच्या छत्राखाली लागलं, एवढंच विचारतं.

सगळ्यात मोठं छत्र हिंदू विवाह कायदा, १९५५ चं. तो हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शिखांनाही लागू आहे. कलम २ मध्ये वीरशैव आणि लिंगायत यांची नावं स्पष्ट लिहिली आहेत. लिंगायत हा स्वतंत्र धर्म मानावा की नाही, हा वाद आपल्या जागी. घटस्फोटाच्या अर्जावर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही. अर्जात ‘धर्म: लिंगायत’ लिहिलं म्हणून अर्ज बाद होत नाही. जैनांच्या बाबतीत हा घोळ प्रत्यक्षात झाला. जैनांना अल्पसंख्याक दर्जा मिळाला आहे, तेव्हा हिंदू विवाह कायदा त्यांना लागू नाही, असं म्हणत इंदूरच्या कौटुंबिक न्यायालयानं २०२५ मध्ये जैन जोडप्यांचे अर्ज परत पाठवले. मार्च २०२५ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. अल्पसंख्याक दर्जा एक, विवाहाचा कायदा दुसरा.

आता लग्न झाल्याचा पुरावा. कलम ७ नुसार हिंदू विवाह दोघांपैकी कुठल्याही एका पक्षाच्या रूढीप्रमाणे लागू शकतो. सप्तपदी त्या रूढीत असेल, तरच तिचं सातवं पाऊल निर्णायक. आपल्याकडं अनेक लग्नांत सप्तपदी नसतेच. लिंगायतांत जंगम स्वामी मंत्र म्हणतात, अक्षता पडतात, झालं. बौद्ध लग्नात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर त्रिशरण-पंचशील होतं आणि वधूवर हार घालतात. तेलुगू लग्नात मुहूर्ताची घटका जिरे-गुळाची. वधूवर एकमेकांच्या डोक्यावर जिरे-गूळ ठेवतात. उलटतपासात समोरचा वकील मुद्दाम विचारतो, ‘होम पेटवला होता का? किती फेरे झाले?’ साक्षीदार गडबडतो. ‘हो हो, सगळं झालं’ म्हणतो आणि मग फोटोत होम दिसतच नाही. म्हणून अर्जातच सरळ लिहावं: आमच्या समाजाची रूढी ही, तीप्रमाणे अमुक विधी झाले. लग्न लावणाऱ्या स्वामींचं किंवा भिक्खूंचं शपथपत्र, फोटो आणि पत्रिका जोडावी. पत्रिका कानडी, तेलुगू किंवा उर्दूत असेल तर भाषांतर सोबतच द्यावं. नाहीतर पुरावा दाखल करायच्या दिवशी तेवढ्यासाठी तारीख पडते.

नोंदणीचा दाखला हातात असला की काम भागलं, असं मानू नका. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात सांगितलं की विधी झालेच नसतील, तर नुसत्या दाखल्यानं हिंदू विवाह होत नाही. व्हिसासाठी किंवा घराच्या कर्जासाठी आधी नोंदणी आणि ‘लग्न नंतर थाटात’ करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आदिवासींचा मुद्दा वकीलही विसरतात. अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा आपोआप लागू होत नाही. केंद्र सरकारनं अधिसूचना काढली तरच. पारधी किंवा महादेव कोळी दाखला असलेल्या पक्षकारानं या कायद्याच्या घटस्फोटाच्या कलम १३ खाली अर्ज केला, तर समोरून पहिली हरकत हीच येते. न्यायालयांनी काही प्रकरणांत हिंदू रीतीनं लागलेल्या आणि हिंदू चालीरीती पाळणाऱ्या कुटुंबांना हा कायदा लावला आहे. पण ते पुराव्यानं दाखवावं लागतं, म्हणून अर्जात तसं नमूद असायलाच हवं. नाहीतर मार्ग रूढीचा, आणि जमातीची रूढी सिद्ध करणं हे आणखी वेगळं काम.

रूढीवरून काडीमोड आलाच. कलम २९(२) नं रूढीप्रमाणे होणारा घटस्फोट जिवंत ठेवला आहे. पण अशी रूढी आहे, ती जुनी आहे, सातत्यानं पाळली जाते, हे मांडणं आणि सिद्ध करणं हे ती सांगणाऱ्याचं काम. सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये हे नि:संदिग्ध सांगितलं. ज्या जातीत अशी रूढीच नाही, तिथं स्टॅम्प पेपरवर दोघांच्या सह्या, चार पंचांचे अंगठे आणि नोटरीचा शिक्का, या सगळ्याची किंमत शून्य. असे ‘सोडचिठ्ठीचे लेख’ आजही होतात. त्यावर विसंबून दुसरं लग्न केलं तर ते रद्दबातल ठरतं, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली गुन्हाही होऊ शकतो. लेख जपून ठेवा, वेगळे कधीपासून राहता हे दाखवायला तो उपयोगी पडेल, पण त्याला हुकूमनामा, म्हणजे कोर्टानं दिलेला घटस्फोटाचा निर्णय, समजू नका. पंचायत दंड लावत असेल किंवा वाळीत टाकायची धमकी देत असेल, तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा, २०१६ आहे.

धर्म थेट कारणांच्या यादीतही येतो. जोडीदारानं धर्म बदलला तर न बदललेल्याला घटस्फोट मागता येतो. धर्म बदलणारा स्वतःच्याच धर्मांतराचं कारण पुढं करू शकत नाही, आणि नुसत्या धर्मांतरानं लग्न आपोआप मोडतही नाही. इस्लाम स्वीकारून दुसरा निकाह करायची पळवाट सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये सरला मुद्गल प्रकरणात आणि पुन्हा २००० मध्ये लिली थॉमस प्रकरणात बंद केली. दुसरं कारण संन्यास. पंढरपूर जिल्ह्यातच असल्यानं यावर एक खुलासा हवा: माळ घालणं, दरवर्षी वारी करणं, महिनोन् महिने मठात राहणं म्हणजे कायद्यातला संन्यास नव्हे. त्या पंथात प्रवेश देणारा विधी व्हावा लागतो आणि संसाराचा पूर्ण त्याग दिसावा लागतो. जैन दीक्षा या व्याख्येत सहज बसते. वारकरी नवऱ्याविरुद्ध हे कारण टाकणं म्हणजे हातानं केस कमकुवत करणं. तो घर सोडून गेला असेल आणि दोन वर्षं झाली असतील, तर ‘परित्याग’ हे कारण घ्या.

श्रद्धेच्या नावाखाली होणारा छळ मात्र ‘क्रूरते’त बसतो. मार्च २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं एका प्रकरणात घटस्फोट कायम केला. तिथं नवरा देवळं आणि आश्रमांतच रमायचा, संसाराकडं पाहायचा नाही आणि बायकोनंही तसंच जगावं म्हणून दबाव आणायचा. अशा अर्जात ‘तो अंधश्रद्ध आहे’ हे वाक्य काही कामाचं नाही. तारीख, जागा, काय करायला लावलं, कोणी पाहिलं, हे लागतं. देवऋष्याकडं नेऊन मारहाण झाली असेल तर २०१३ च्या जादूटोणा विरोधी कायद्याखालची तक्रार आणि दवाखान्याचे कागद, हा पुरावा दहा साक्षीदारांना भारी पडतो.

आता मुस्लिम लग्नं. गैरसमज सगळ्यात जास्त इथंच. इथं कायदा उलट्या बाजूनं चालतो: धार्मिक कृती रीतसर झाली असेल तर तीच घटस्फोट घडवते आणि कोर्ट नंतर फक्त ‘हो, घडला’ असं जाहीर करतं. पण ‘रीतसर’ या शब्दावर सगळं आहे. एका दमात तीन वेळा तलाक, तोंडी असो वा व्हॉट्सॲपवर, २०१९ च्या कायद्यानं निरर्थक आणि गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. फिर्याद पत्नी किंवा तिचे रक्ताचे वा लग्नानं झालेले नातेवाईकच देऊ शकतात. निरर्थक याचा अर्थ नीट घ्या: लग्न मोडलेलं नाही. नवऱ्यावर गुन्हा दाखल झाला म्हणून बाई मोकळी झाली, असं होत नाही. तिला वेगळा घटस्फोट घ्यावाच लागतो, आणि दुसऱ्या निकाहाच्या वेळीच हे लक्षात आलं तर फार पंचाईत होते.

तलाक-ए-अहसन म्हणजे एकच उच्चार आणि मग इद्दत, म्हणजे बाईनं पुन्हा लग्नाआधी थांबायचा काळ. तलाक-ए-हसन म्हणजे तीन वेगवेगळ्या शुद्धिकाळांत (दोन पाळ्यांमधल्या काळांत) एकेक उच्चार. २०१९ च्या कायद्यानं हे दोन्ही प्रकार बंद केलेले नाहीत. तरीही नवऱ्याला दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: सबळ कारण होतं, आणि आधी दोन्ही बाजूंच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न केला. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शमीम आरा प्रकरणात आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातल्या पूर्णपीठानं दगडू पठाण प्रकरणात हेच सांगितलं. पोटगीच्या दाव्याला उत्तर देताना ‘मी हिला अमुक तारखेला तलाक दिला आहे’ एवढं वाक्य घुसडून घटस्फोट होत नाही. ही युक्ती अजूनही वापरली जाते आणि अजूनही फसते. मध्यस्थ कोण होते, बैठक कुठं झाली, उच्चार कोणासमोर झाला, यांचे साक्षीदार लागतात.

पत्नीच्या हाती तीन वाटा आहेत. खुला, म्हणजे तिनं मागितलेला विभक्तपणा, बहुधा मेहर परत देऊन किंवा सोडून. मुबारात, म्हणजे दोघांच्या संमतीचा. आणि १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा, ज्यात नवऱ्याच्या सहीची गरजच नाही. त्यातली कारणं नीट वाचा: नवऱ्याचा चार वर्षं पत्ता नाही, दोन वर्षं पोषण केलं नाही, सात वर्षं वा जास्त कैद, तीन वर्षं वैवाहिक कर्तव्यं टाळली, आणि क्रूरता. क्रूरतेच्या पोटकलमांत धर्मही आहे: तिला तिचं धर्माचरण करू न देणं, किंवा एकाहून जास्त बायका असताना कुराणाप्रमाणे समान न वागवणं. माझ्या मते सोलापुरातल्या बहुतेक बायकांसाठी दोन वर्षांच्या पोषणाचं कारण सगळ्यात सोपं. पोटगीचा आदेश, वसुलीचा अर्ज आणि न भरलेली रक्कम, हे कागद स्वतःच बोलतात. ‘बेपत्ता’ या कारणाचा हुकूमनामा मात्र सहा महिन्यांनी अमलात येतो, हे लक्षात ठेवा. त्या काळात नवरा हजर झाला आणि नांदवायला तयार असल्याची कोर्टाची खात्री पटली, तर तो रद्द होतो.

खुला किंवा मुबारात काझींसमोर झाला असेल, तर कौटुंबिक न्यायालयातून वैवाहिक स्थितीची घोषणा करून घ्या. पासपोर्ट, पुढच्या लग्नाची नोंदणी, मुलांचे दाखले, सगळीकडं हाच कागद चालतो. दारुल कझाचा, म्हणजे शरियतप्रमाणे निवाडा देणाऱ्या खासगी मंचाचा, निर्णय मानायचा की नाही, हे पक्षकारांवर. तो कोणावर बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्येच सांगितलं आहे.

ख्रिस्ती घटस्फोटाचा कायदा १८६९ चा, मोठी दुरुस्ती २००१ ची. त्याआधी जिल्हा न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर उच्च न्यायालयाची मोहोर लागायची. ती कटकट गेली. तरी दोन खाचखळगे उरलेत. पहिला: संमतीच्या अर्जाला कायद्यात दोन वर्षं वेगळं राहणं लिहिलं आहे, हिंदूंना आणि विशेष विवाह कायद्यावाल्यांना एकच वर्ष. केरळ आणि कर्नाटकच्या उच्च न्यायालयांनी ते एक वर्ष वाचावं असं म्हटलं. आपल्याकडं दोन वर्षं भरवून अर्ज करणं शहाणपणाचं. दुसरा: हिंदू पत्नी आज जिथं राहते तिथं अर्ज करू शकते, ही सोय २००३ मध्ये आली. ख्रिस्ती कायद्यात जागा तीनच: लग्न लागलं तिथं, दोघं राहतात तिथं, किंवा शेवटचं एकत्र राहिले तिथं. लग्न पुण्यात, संसार मुंबईत आणि आता माहेरी सोलापुरात असलेल्या ख्रिस्ती बाईचा अर्ज इथं अडतो. चर्चच्या न्यायासनानं दिलेला विवाह-शून्यतेचा निर्णय दिवाणी कायद्यात घटस्फोट मानला जात नाही. १९९६ पासून हे पक्कं आहे.

आणखी एक नाजूक गोष्ट. इथल्या अनेक कुटुंबांत शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू’ आणि लग्न चर्चमध्ये, असं असतं. ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यास अनुसूचित जातीचा लाभ मिळत नाही. घटस्फोटाच्या अर्जात शपथेवर लिहिलेला धर्म उद्या जात पडताळणी समितीपुढं ठेवला जाऊ शकतो, आणि उलटही. दोन कार्यालयांत दोन धर्म सांगून काम काढू असं वाटत असेल, तर आधी वकिलाशी स्वच्छ बोला.

आंतरधर्मीय लग्नांत तर पहिला प्रश्नच शेवटचा ठरू शकतो. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली नोंदवलेलं लग्न असेल तर सोपं; त्याच कायद्यानं सुटायचं, आणि तिथं धर्मांतर हे घटस्फोटाचं कारणच नाही. पण हिंदू-ख्रिस्ती जोडप्यानं हिंदू पद्धतीनं लग्न केलं आणि लग्नाच्या दिवशी एकजण ख्रिस्तीच होता, तर ते लग्न शून्य, म्हणजे कायद्याच्या लेखी झालंच नाही. सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २००८ चा निकाल आहे. तिथं घटस्फोट मागायचा नसतो, शून्यतेची घोषणा मागायची असते. पोटगीची आशा मात्र संपत नाही: लग्न शून्य ठरलं तरी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली कायमची पोटगी देता येते, असं फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. निकाहासाठी धर्म बदललेल्या बाईसाठी १९३९ च्या कायद्यात एक बारीक तरतूद आहे. जन्मानं मुस्लिम असलेल्या बाईनं धर्म सोडला तर तेवढ्यानं लग्न मोडत नाही. पण जी दुसऱ्या धर्मातून आली आणि आपल्या मूळ धर्मात परत गेली, तिला हा नियम लागू नाही. तिनंही कोर्टाची घोषणा घ्यावी, तोंडी समाधानावर राहू नये.

पोटगीच्या तातडीच्या अर्जाला धर्म आडवा येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा सगळ्यांना सारखे. घटस्फोटित मुस्लिम बाईलाही ही वाट खुली आहे, हे जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सांगितलं. दोघांनीही मालमत्ता आणि उत्पन्नाचं शपथपत्र द्यायचं असतं. यंत्रमागावरच्या आठवड्याच्या रोख मजुरीचा कागद नसतो, म्हणून घरभाडं, गाडीचा हप्ता, बँकेतली उलाढाल यांवरून उत्पन्न दाखवावं लागतं.

हुकूमनाम्यानंतरची घाई सगळ्यात महाग पडते. हिंदू विवाह कायद्याखाली अपिलाची मुदत ९० दिवस, इतर धर्मीयांच्या कौटुंबिक न्यायालयातल्या हुकूमनाम्याला ३०. ती संपेपर्यंत दुसरं लग्न नको. संमतीच्या हुकूमनाम्यावर कौटुंबिक न्यायालय कायद्यानुसार अपीलच नाही, म्हणून तिथं थांबावं लागत नाही. सोलापूरची अपिलं १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबईऐवजी उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडं जातात, तेव्हा अपील झालं का याची चौकशीही तिथंच करा. मुस्लिम बाईला हुकूमनाम्यानंतर इद्दत पाळावी लागते: तीन मासिक पाळ्या, पाळी येत नसेल तर तीन चांद्र महिने, गर्भवती असेल तर बाळंतपणापर्यंत. कॅथलिक व्यक्तीला चर्चमध्येच पुन्हा लग्न करायचं असेल तर दिवाणी हुकूमनामा पुरत नाही, चर्चची शून्यताही लागते; २०१५ च्या बदलानंतर या शून्यतेला चर्चच्या दुसऱ्या न्यायासनाच्या शिक्कामोर्तबाची अट राहिलेली नाही. हुकूमनाम्याच्या प्रमाणित नकला एकदम चार-पाच काढून ठेवा: एक नोंदणी कार्यालयाला, एक पासपोर्टला, एक काझी किंवा पाद्र्यांना, आणि दोन घरात.